टेलोमरेज पेशीत नेहमीच असते, मग गुणसूत्राचे टोक एस टप्प्याच्या अखेरीसच का वाढते?

पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करून संशोधनाकडे वळलेल्या एका वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी की, टेलोमरेज हे गुणसूत्राचे टोक, म्हणजे टेलोमिअर, लांबवणारे विकर पेशीचक्राच्या जवळजवळ सर्व टप्प्यांत उपलब्ध असताना टेलोमिअर फक्त एस टप्प्याच्या (डीएनएची नक्कल होण्याच्या टप्प्याच्या) उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या जी-२ मध्येच का लांबतो. दुसरी, लांबवण्याचे काम थांबवतो कोण. आणि तिसरी, हे स्वतः तपासायचे असेल तर पेशी नोकोडॅझोल या विभाजन रोखणाऱ्या औषधाने अडवून मोजमाप केले तर चालेल का. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर सलगच देतो.

पाठ्यपुस्तके टेलोमरेजचे नियमन शिकवताना विकरावर भर देतात: जनुक चालू की बंद, विकर कमी की जास्त. शरीरातील बहुतेक सामान्य पेशींत टेलोमरेज जवळपास नसतेच आणि बहुसंख्य कर्करोगांत ते पुन्हा सुरू होते, हे खरे असल्यामुळे तो भर समजण्यासारखा आहे. परंतु ज्या पेशींत विकर आहे, त्या पेशींत एका चक्रापुरती वेळ ठरते ती मुख्यतः विकरावर नव्हे, तर गुणसूत्राच्या टोकावर, असे माझे ठाम मत आहे. बियाणे घरात भरलेले असले तरी जमिनीला वाफसा आल्याशिवाय पेरणी होत नाही. तसे टोक तयार झाल्याशिवाय टेलोमरेजला काही करता येत नाही, आणि टोक तयार होण्याची परवानगी पेशीचक्राच्या हाती असते.

टोक 'तयार होणे' म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे. माणसाच्या टेलोमिअरमध्ये टीटीएजीजीजी हा सहा अक्षरांचा क्रम हजारो बेसजोड्यांच्या लांबीत पुन्हापुन्हा येतो. बेकरीत वापरल्या जाणाऱ्या यीस्टमध्ये असाच, पण थोडा अनियमित, टी आणि जी यांचा क्रम सुमारे ३०० बेसजोड्यांचा असतो. दोन्हींत जी-समृद्ध पदर सी-समृद्ध पदरापेक्षा पुढे गेलेला असतो, म्हणजे गुणसूत्राच्या अगदी शेवटी एकपदरी शेपूट असते. टेलोमरेज लांबवते ती ही शेपूट. दुपदरी, बोथट टोकाला त्याला हात घालता येत नाही.

१९७१ मध्ये ओलोव्हनिकोव्ह यांनी आणि १९७२ मध्ये वॉटसन यांनी मांडलेला टोकाच्या प्रतिकृतीचा प्रश्न बहुतेकांना असा शिकवला जातो: लॅगिंग बाजूचा (जिथे नवा पदर तुकड्यातुकड्यांनी बनतो) शेवटचा आरएनए प्रायमर, म्हणजे नक्कल सुरू करून देणारा छोटा तुकडा, काढल्यावर तेवढी जागा भरता येत नाही, म्हणून टोक झिजते. ही मांडणी अपुरी आहे, आणि वेळेचा प्रश्न समजून घेण्यात तिचाच अडसर होतो. रेप्लिकेशन फोर्क, म्हणजे डीएनए उलगडून नक्कल होत पुढे सरकणारी जागा, टोकापर्यंत पोचला की लॅगिंग यंत्रणा जी-समृद्ध पदरावरून नक्कल करते, त्यामुळे त्या कन्या-रेणूवर जुनी शेपूट शिल्लक राहते. सलग नक्कल करणारी लीडिंग यंत्रणा मात्र आखूड असलेल्या सी-समृद्ध पदराच्या शेवटच्या अक्षरापर्यंत नक्कल करून थांबते. तिथे शेपूट उरतच नाही. टोक बोथट होते. म्हणजे प्रत्येक एस टप्प्यात निम्म्या टोकांवरची शेपूट नाहीशी होते आणि ती नव्याने घडवावी लागते. त्यासाठी सी-समृद्ध पदर आतल्या दिशेने कुरतडावा लागतो, आणि ही कुरतड टेलोमरेजच्या आधीची पायरी आहे.

ही पायरी वेगळी आणि स्वतंत्र आहे, हे यीस्टवरील कामातून पक्के झाले. १९९३ मध्ये वेलिंगर, वुल्फ आणि झाकियन यांनी दाखवले की, यीस्टच्या टेलोमिअरवर लांब एकपदरी शेपट्या एस टप्प्याच्या अखेरीस प्रकट होतात आणि नंतर आखडतात. चक्राच्या इतर काळात शेपूट जेमतेम १२ ते १५ न्यूक्लिओटाइडची असते. त्यावर साहजिक शंका अशी होती की, या लांब शेपट्या टेलोमरेजनेच बनवल्या असतील. १९९६ मध्ये टेलोमरेज ज्याच्या साच्यावरून टोक लांबवते तो त्याचा आरएनए काढून टाकलेल्या यीस्टमध्येही त्या एस टप्प्याच्या शेवटी दिसल्या, तेव्हा ती शंका मिटली. पुढे १९९८ मध्ये डिओन आणि वेलिंगर यांनी प्रतिकृती सुरू होण्याची जागाच काढून टाकलेले रेषीय डीएनए रेणू वापरले. पेशी एस टप्प्यातून गेली तरी ज्या रेणूवरून फोर्क गेला नाही, त्याच्या टोकावर अशी शेपूट तयार झाली नाही. घड्याळात एस टप्पा झाला, हे पुरेसे नाही. त्या विशिष्ट टोकापर्यंत फोर्क पोचावा लागतो.

मात्र एवढ्यावरून 'फोर्क म्हणजेच सर्व काही' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९९९ मधील डीड आणि गॉटश्लिंग यांचा प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सविस्तर समजावून सांगतो, कारण प्रश्नाचे दोन भाग त्याने स्वच्छपणे वेगळे केले. त्यांनी यीस्टच्या सातव्या गुणसूत्राच्या डाव्या बाहूवर ८१ बेसजोड्यांचा टेलोमिअरचा क्रम बसवला आणि त्याला लागूनच एचओ या छेदक विकराची जागा ठेवली. छेदक विकराचे जनुक गॅलॅक्टोज दिल्यावरच चालू होणारे होते. पेशी हव्या त्या टप्प्यात अडवायच्या, गॅलॅक्टोज द्यायचे, काप पडला की नव्याने उघड्या पडलेल्या टोकावर टेलोमिअर वाढतो का ते जेलवर पाहायचे. अल्फा फॅक्टर या यीस्टच्या संप्रेरकाने जी-१ मध्ये, म्हणजे एसच्या आधीच्या टप्प्यात, अडवलेल्या पेशींत टोक वाढले नाही. नोकोडॅझोलने मायटोसिसच्या (विभाजनाच्या, म्हणजे एम टप्प्याच्या) उंबरठ्यावर अडवलेल्या पेशींत वाढले, आणि तिथे तर कोणताही फोर्क त्या टोकाकडे जात नव्हता. म्हणजे फोर्क हा नैसर्गिक चक्रातला नेहमीचा मार्ग झाला. त्याच्याही वर एक परवानगी आहे, आणि ती एस, जी-२ व एम टप्प्यांत मिळते, जी-१ मध्ये मिळत नाही. ती परवानगी देणारा म्हणजे सायक्लिनवर अवलंबून असलेला कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे विकर), अर्थात सीडीके. सीडीके-१ ची क्रिया चढल्याशिवाय सी-समृद्ध पदराची कुरतड नीट होत नाही, हे पुढे २००६ मध्ये दाखवले गेले. तुटलेल्या डीएनएची टोके कुरतडण्याचा निर्णयही हाच कायनेज घेतो. टेलोमिअरने तीच व्यवस्था आपल्या कामाला लावली आहे.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. डीएनए पॉलिमरेज अल्फा, पॉलिमरेज डेल्टा किंवा प्रायमेज यांपैकी एक जरी निकामी केले, तरी टेलोमरेजकडून होणारी वाढ थांबली. खरे तर ही तिन्ही विकरे दुसऱ्या पदराची भरणी करणारी. टेलोमरेजने आपला पदर लांबवायला त्यांची गरज का पडावी? यातून मला असे दिसते की, पेशी एकपदरी शेपूट मोकाट वाढू देत नाही. भरणीची व्यवस्था हाताशी असेल तरच लांबवण्याचे काम चालते.

आता विकराकडे वळू. यीस्टमध्ये उत्प्रेरक घटक ईएसटी-२ जी-१ मध्येही टेलोमिअरवर सापडतो, पण ईएसटी-१ हा सहायक घटक एस टप्प्याच्या अखेरीस तिथे येतो, असे टॅगार्ट, टेंग आणि झाकियन यांनी २००२ मध्ये दाखवले. जी-१ मध्ये ईएसटी-१ प्रोटिअसोम या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडून नष्ट केला जातो. इथे कोणालाही वाटेल की, कळ सापडली. परंतु ईएसटी-१ जी-१ मध्ये टिकून राहील अशी सोय केल्यावर विकराचे घटक एकत्र जुळले, तरीही टेलोमिअर जी-१ मध्ये लांबले नाहीत. माझ्या मते हा या संपूर्ण विषयातला सर्वांत निर्णायक नकारात्मक निकाल आहे. पूर्ण विकर दिले, तरी टोक तयार नसेल तर काही होत नाही.

टोक आणि विकर यांना जोडणारा दुवा म्हणजे सीडीसी-१३ हे प्रथिन. हार्टवेल यांच्या पेशीचक्रावरील कामातून त्याचे जनुक समोर आले, ही बाब विषयाला धरूनच आहे: त्याचे तापमान-संवेदी उत्परिवर्ती उष्ण तापमानात जी-२ मध्ये अडकतात, कारण टेलोमिअरजवळचा सी-समृद्ध पदर बेसुमार कुरतडला जातो आणि आरएडी-९ वर अवलंबून असलेला तपासणी नाका पेशीला पुढे जाऊ देत नाही. सीडीसी-१३ एकपदरी शेपटीला धरून बसते आणि दोन वेगवेगळ्या जोडीदारांशी व्यवहार करते. ईएसटी-१ शी हात मिळवला तर टेलोमरेज कामाला लागते. एसटीएन-१ आणि टीईएन-१ या प्रथिनांशी हात मिळवला तर टेलोमरेजला अटकाव होतो आणि पॉलिमरेज अल्फा भरणीला येते. २००९ मध्ये ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की, सीडीके-१ सीडीसी-१३ च्या ३०८ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट चढवतो आणि त्यामुळे तराजू ईएसटी-१ च्या बाजूने झुकतो. हे अमिनो आम्ल बदलले तर टेलोमिअर आखूड होतात, पण पेशी मरत नाहीत. म्हणून या एका फॉस्फेटला 'कळ' म्हणू नये. सीडीकेची परवानगी अनेक ठिकाणी थोडी थोडी दिली जाते, आणि म्हणूनच एखादी जागा बिघडली तरी व्यवस्था कोसळत नाही.

इथे आकड्यांचा विचार केला तर चित्र अधिक स्पष्ट होते. एकगुणित यीस्टमध्ये १६ गुणसूत्रे, म्हणजे प्रतिकृतीनंतर ६४ टोके. टेलोमरेजच्या आरएनएचे रेणू मात्र एका पेशीत सुमारे ३०. सर्व टोके एकाच वेळी लांबवणे अशक्यच, आणि तशी गरजही नाही. टेक्सेइरा, लिंगनर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोजले तेव्हा नेहमीच्या ३०० बेसजोड्यांच्या लांबीची टोके एका चक्रात जेमतेम ६ ते ८ टक्के लांबली. लांबी १०० वर आली की हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले. आखूड टोक ओळखण्याचे काम टीईएल-१ हा कायनेज करतो. माणसातील एटीएम या डीएनए-हानी ओळखणाऱ्या कायनेजचा हा यीस्टमधला भाऊबंद आखूड टेलोमिअरवर अधिक प्रमाणात जमतो. शिवाय आखूड टोकांची प्रतिकृती एस टप्प्यात नेहमीपेक्षा लवकर होते, म्हणजे त्यांना विकरासाठी अधिक वेळही मिळतो. यीस्टमध्ये 'केव्हा' आणि 'कोणाला' हे दोन प्रश्न असे एकाच यंत्रणेत सुटतात.

माणसाच्या पेशीत तत्त्व हेच आहे, तपशील मात्र बरेच बदलतात, आणि यीस्टचे निष्कर्ष जसेच्या तसे तिकडे नेऊ नयेत. तिथे शेल्टरिन हा सहा प्रथिनांचा समूह टोक सांभाळतो: टीआरएफ-१, टीआरएफ-२, रॅप-१, टीआयएन-२, टीपीपी-१ आणि पॉट-१. टोक वळून स्वतःच्याच दुपदरी भागात शिरते आणि टी-लूप बनतो, हे १९९९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. हा लूप टोक झाकतो, पण फोर्कच्या वाटेतही येतो. म्हणून तो एस टप्प्यात उघडला पाहिजे आणि इतर वेळी बंद राहिला पाहिजे. २०१९ मध्ये बोल्टन यांच्या गटाने याचे नियमन दाखवले. टीआरएफ-२ च्या ३६५ व्या सेरिनवर सीडीकेने चढवलेले फॉस्फेट असेपर्यंत आरटीईएल-१ हे डीएनए उलगडणारे विकर टेलोमिअरपासून दूर ठेवले जाते. एस टप्प्यात पीपी-६ हे फॉस्फटेज तो फॉस्फेट काढते, आरटीईएल-१ येते, लूप उलगडतो आणि प्रतिकृती पुढे सरकते. यीस्टमध्ये सीडीकेचे फॉस्फेट दार उघडते, इथे तेच दार लावून ठेवते. म्हणून 'सीडीके वाढला की टेलोमिअर उघडतो' असे सरधोपट विधान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही लिहू नये.

टेलोमरेजचा आरएनए चक्राच्या बहुतेक काळात केंद्रकातील कहाल बॉडी नावाच्या छोट्या ठिपक्यांत साठलेला दिसतो आणि एस टप्प्यात टेलोमिअरकडे जातो. तिथे त्याला खेचून घेते ते टीपीपी-१. शे आणि राइट यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये मानवी कर्करोग पेशींत दाखवले की, बहुतेक टोके प्रत्येक चक्रात लांबतात, सरासरी सुमारे ६० न्यूक्लिओटाइड, आणि हे टोकाची प्रतिकृती झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत उरकते. म्हणजे मोजकीच आखूड टोके निवडण्याची यीस्टची पद्धत इथे दिसत नाही. या मापनामागची युक्ती सांगण्यासारखी आहे. पेशींना थायमिनच्या जागी बसणारे जड ब्रोमोडिऑक्सियुरिडीन दिले, तर लीडिंग बाजूच्या नव्या टीटीएजीजीजी पदरात सहा अक्षरांमागे दोन जड अक्षरे जातात, आणि लॅगिंग बाजूच्या नव्या सीसीसीटीएए पदरात एकच. सिझियम क्लोराइडच्या द्रावणात वेगाने फिरवले की दोन्ही कन्या-टेलोमिअर घनतेनुसार वेगवेगळ्या थरांत जातात, आणि कोणत्या बाजूला केव्हा काय घडले, हे स्वतंत्रपणे मोजता येते.

याच कामातून दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे थांबवण्याची, बाजू पुढे आली. मानवी पेशींत लांबवणे आणि भरणी यांत तासांचे अंतर पडते. सी-समृद्ध पदराची भरणी एस टप्प्याच्या अखेरीस आणि जी-२ मध्ये होते. मधल्या काळात टेलोमरेजला रोखतो तो सीएसटी हा तीन प्रथिनांचा समूह, यीस्टच्या सीडीसी-१३, एसटीएन-१ आणि टीईएन-१ यांचा नातलग. वाढलेल्या शेपटीवर तो बसतो, टेलोमरेजला तिथून पुढे काम करू देत नाही आणि पॉलिमरेज अल्फा व प्रायमेज यांना आणतो. हा समूह टोकावर कधी काम सुरू करील, हे २०२४ मध्ये अधिक स्पष्ट झाले: पॉट-१ वर फॉस्फेट असताना सीएसटी त्याला निष्क्रिय स्थितीत बांधलेला असतो, आणि फॉस्फेट निघाल्यावर भरणीसाठी मोकळा होतो. त्याच वर्षी डी लांगे यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार महत्त्वाची वाटते. लॅगिंग बाजूची नेहमीची यंत्रणा टोकाच्या अगदी शेवटपर्यंत प्रायमर टाकू शकत नाही, त्यामुळे तिथेही सी-समृद्ध पदर आखूड पडतो, आणि ही तूट टेलोमरेजला नव्हे तर सीएसटीलाच भरून काढावी लागते. टोकाच्या प्रतिकृतीचे प्रश्न दोन आहेत, विकरेही दोन आहेत, आणि त्यांचा क्रम चुकला तर दोन्ही कामे बिघडतात. सीटीसी-१ या सीएसटीच्या घटकातील उत्परिवर्तनांमुळे लहान मुलांना डोळे, मेंदू व आतडी ग्रासणारा कोट्स प्लस हा दुर्मीळ आजार होतो.

पेशी हे सारे तपासून पाहते का, असा उपप्रश्न यातून उद्भवतो. पाहते. उघडे पडलेले टोक आणि तुटलेला डीएनए यांत रासायनिकदृष्ट्या फारसा फरक नसतो. कार्लसेडर यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले की, निरोगी मानवी टेलोमिअरदेखील जी-२ मध्ये थोडा काळ हानी म्हणून ओळखले जातात, आणि ती ओळख टोक पुन्हा नीट झाकण्यासाठी उपयोगी पडते. धोका असतो तो चुकून दुरुस्ती होण्याचा, कारण दोन टेलोमिअर जोडले गेले तर पुढच्या विभाजनात गुणसूत्र ताणून तुटते. मायटोसिसमध्ये हा धोका सर्वांत मोठा, म्हणून तिथे पेशी दोन टोके थेट जोडणारी दुरुस्तीच बंद ठेवते: सीडीके-१ आणि पीएलके-१ हे कायनेज आरएनएफ-८ व ५३बीपी-१ या दुरुस्तीच्या प्रथिनांना तुटलेल्या जागी जमू देत नाहीत. २०१४ मध्ये ही बंदी मुद्दाम उठवून पाहिली, तेव्हा मायटोसिसमध्ये टेलोमिअर एकमेकांना जोडले गेले. सामान्य काळात अमूल्य असलेली दुरुस्ती विभाजनाच्या त्या थोड्या वेळात टाकून द्यावी लागते, इतके या टोकांचे मोल आहे.

आता नोकोडॅझोल. यीस्टमध्ये, वर सांगितलेल्या डीड-गॉटश्लिंग पद्धतीच्या प्रयोगासाठी, ते चालते, कारण तिथे 'परवानगी असताना टोक वाढते का' हाच प्रश्न असतो. पण टेलोमिअर नैसर्गिक चक्रात केव्हा लांबतो, हे विचारायचे असेल तर पेशी अडवून ठेवू नका; जी-१ मध्ये अल्फा फॅक्टरने एकसमान करा, सूक्ष्मदर्शकाखाली नाशपातीसारखा लांबोडा आकार बहुतेक पेशींत दिसला की धुऊन मोकळ्या करा, आणि दर १० ते १५ मिनिटांनी नमुने घेत एक पूर्ण चक्र पाहा. प्रत्येक नमुन्याची डीएनएची मात्रा फ्लो सायटोमीटरवर सोबतच मोजा, नाहीतर कोणता नमुना एस टप्प्याच्या उत्तरार्धातला, हे अंदाजावर राहील. शेपूट पाहण्यासाठी डीएनए न उलगडता जेलमध्येच सी-समृद्ध प्रोब लावा, आणि त्याच नमुन्यावर इ. कोलायच्या एक्सोन्यूक्लिएज-१ ची प्रक्रिया करून संकेत नाहीसा होतो हे अवश्य दाखवा. तो नाहीसा झाला नाही, तर तुम्ही पाहिलेले एकपदरी क्षेत्र टोकाला नसून आत कुठेतरी आहे. हायड्रॉक्सियुरियाने एस टप्पा लांबवून वेळ मोजणे टाळा, कारण ते फोर्क अडवून तपासणी नाका जागा करते आणि मग तुम्ही मोजता ती त्या प्रतिसादाची वेळ असते. मानवी पेशींत तर दीर्घकाळ मायटोसिस अडवणे अधिकच अडचणीचे आहे: तिथे टीआरएफ-२ टेलोमिअरवरून सुटू लागते आणि टोके हानी म्हणून ओळखली जातात, असे २०१२ मध्ये दिसून आले आहे. अशा पेशींत टेलोमिअरवर हानीचे ठिपके दिसले, तर तो औषधाचा परिणाम धरावा, चक्राचा नव्हे. मानवी पेशींसाठी दुहेरी थायमिडीन पद्धतीने एस टप्प्याच्या सुरुवातीला एकसमान करून मोकळे सोडणे बरे, आणि प्रयोगशाळेत सोय असेल तर कोणतेही रसायन न वापरता, डीएनएच्या मात्रेनुसार सॉर्टरवर वेगळ्या केलेल्या पेशींत तोच निकाल येतो का, हे एकदा पडताळून घ्यावे.